सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच!

"काय हो बाई, काल संध्याकाळी तुमच्या दारात पांढरी गाडी कुणाची होती?"

"तुम्ही बघितलीत होय काकू?"

"मुद्दाम नाही बघितली. कढीपत्ता तोडायला म्हणून भिंतीपाशी आले, तर एक चष्मेवाला पोरगा गाडीभोवती प्रदक्षिणा घालतोय आणि तुमचे साहेब त्याच्या मागनं. मग दोन काड्या जास्तच तोडल्या. हा घ्या, तुमच्यासाठीच आणलाय."

"द्या. अहो, विकायला आणली होती. रोज तासगावची एसटी पकडून शाळेत जायचं म्हणजे माझा जीव जातो, म्हणून ह्यांनी मनावर घेतलंय. 2017 ची आहे, 42 हजार चाललीय. 4 लाख 25 हजार सांगतोय. डॉक्टरांची गाडी आहे म्हणे. सिंगल ओनर."

"डॉक्टरांचीच असणार! मिरजेत डॉक्टर पैशाला पासरी, ते मान्य. पण जुन्या बाजारातली दर दुसरी गाडी डॉक्टरांची कशी असते हो? आणि उरलेल्या सगळ्या बायका चालवत होत्या, त्याही फक्त भाजी आणायला. वाळूवाल्याची गाडी आहे, रोज नदीपात्रात उतरत होती, असं सांगणारा एजंट मला एकदा तरी भेटू दे, त्याला मी पुरणपोळी खायला घालीन."

"पण गाडी दिसायला छान होती. आत वासही छान येत होता."

"तोच तर घोळ. बरं, एक सांगा. गाडी तुमच्यासमोर चालू केली, का चालूच आली?"

"चालूच आली. मधे बंद केली, पण परत एका फटक्यात सुरू झाली."

"तापलेलं इंजिन एका फटक्यात सुरू होणारच. गाडी येऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तर आमची मांजर बोनेटवर चढून पसरली. थंडीत ऊब कुठं मिळते ते तिला कळतं, तुमच्या साहेबांना नाही कळलं. इंजिनाची खरी परीक्षा गार असताना. सकाळी सहाला त्याच्या दारात जायचं, न सांगता. बोनेटवर तळहात ठेवायचा. गार लागला तरच चावी फिरवायची. एकानं आत बसायचं आणि एकानं सायलेन्सरच्या मागं उभं राहायचं."

"आणि धूर बघायचा?"

"रंग बघायचा. निळा आला तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा आला तर इंधन जास्त जातंय. थंडीच्या सकाळी पांढरा थोडा येतोच, ती वाफ असते. पण गाडी चांगली तापली तरी पांढरा थांबेना, तर कूलंट आत गळतंय. मग हेड गॅस्केटपासून पुढं कुठवर खर्च जाईल ते देवालाच ठाऊक. नंतर ऑइल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून काढायची. ऑइल काळं असलं तर चालतं, वापरलेलं ऑइल काळंच होतं. पण चहात दूध घातल्यासारखा रंग दिसला, तर गाडीला रामराम करून घरी यायचं."

"काकू, हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, आमच्या ह्यांचा जन्म गेला एसटीच्या वर्कशॉपमध्ये. रात्री जेवताना आमच्याकडं आमटीची चर्चा झालीच नाही कधी. गिअर बॉक्स, नाहीतर क्लच प्लेट. तीस वर्षं ऐकलं. आता ते तोंड उघडायच्या आधी मला कळतं काय बिघडलंय ते."

"मग काका बघतील का एकदा?"

"बघतील की. पण आधी आपण दोघी जेवढं बघू शकतो तेवढं बघू. त्यानं आरसीचा फोटो पाठवलाय का तुम्हाला?"

"व्हॉट्सॲपवर आहे. थांबा... हा बघा."

"चष्मा नाही माझ्याकडं, तुम्हीच वाचा. ओनर सिरीयल म्हणून काही लिहिलंय?"

"ओनर सिरीयल... 3."

"झालं! सिंगल ओनर म्हणे. डॉक्टर तिघं होते की काय? आता एम-परिवहन ॲप असेल तर त्यात नंबर टाका. विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी आहे का, कर्जाचा बोजा आहे का, सगळं येतं त्यात."

"विमा... अहो, संपलाय! आणि फायनान्स्ड असंही दिसतंय."

"म्हणजे बोजा अजून उतरवलेला नाही. कर्ज फिटलं असेलही, पण कागदावरनं बँकेचं नाव गेलेलं नाही. बँकेची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओत नोंद काढल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. 'पैसे द्या, मी काढून देतो' असं म्हणेल. म्हणू दे. आणि ई-चलनंही बघा त्याच नंबरावर. परवा एकानं गाडी घेतली, तर मागच्या मालकानं सिग्नल तोडून ठेवलेत ते सगळे ह्याच्या नशिबी आले."

"बाई गं. हे तर इथंच भिंतीपाशी उभं राहून कळलं."

"कळणारच. अर्धी गाडी कागदावर असते. बरं, नंबर कुठला आहे? एमएच 09? म्हणजे कोल्हापूर पासिंग. आता मला सांगा, 2017 ची कोल्हापूरची गाडी 2019 च्या ऑगस्टमध्ये कुठं उभी होती?"

"महापुरात?"

"मी असं म्हणत नाही की बुडालीच होती. पण प्रश्न विचारायला नको? तेव्हा आम्ही सांगलीच्या गावभागात राहत होतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी गेलं 57 च्या पुढं. तळघरातल्या, पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात. 2021 ला परत तेच, आणि तिकडं चिपळूणलाही. त्या गाड्या गेल्या कुठं बाई? विमा कंपनीनं गाडी टोटल लॉस धरली की ती लिलावात जाते. कुणीतरी स्वस्तात उचलतो, धुतो, सीटं बदलतो, अत्तर मारतो आणि लांबच्या गावी नेऊन विकतो. आमच्या भाच्याला असंच झालं. पुण्यात गाडी घेतली, दिवाळीला मोठ्या तोऱ्यात घेऊन आला. सगळे पुढून बघतायत, हॉर्न वाजवतायत. आमचे हे गपचूप मागच्या सीटवर जाऊन बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले."

"मागचा? कशाला?"

"मागचा बेल्ट कुणी लावत नाही, म्हणून तो धुवायचंही कुणाला सुचत नाही. ओढतायत, ओढतायत... पार शेवटपर्यंत ओढला. पहिला हातभर पट्टा काळाभोर, नव्यासारखा. आणि आतला, जो कायम गुंडाळलेला असतो, त्यावर तपकिरी डाग, आणि डागाच्या कडेला सरळ रेघ. ह्यांनी नख लावलं तर बारीक माती सुटली. मग सीटखालचा गालिचा उचलला. सीटच्या बोल्टला गंज, आणि कोपऱ्यात बोटभर गाळ वाळून बसलेला. मी चिमटीत घेतला. कृष्णेचा गाळ मी ओळखते हो, 2019 ला घरातनं घमेल्यानं काढलाय. भाच्याचं तोंड बघवत नव्हतं."

"मग पुढं काय झालं?"

"काय होणार. एक दिवस पॉवर विंडो बंद, एक दिवस डॅशबोर्डवर दिवाळी. वायरिंगच्या जोडात पाणी गेलं की आतनं हिरवट गंज धरतो, आणि तो कधी कुठं डोकं वर काढेल ह्याचा नेम नाही. एअरबॅग उघडेल का नाही तेही सांगता येत नाही. म्हणून म्हणते, आत छान वास आला की नाक मुरडायचं. कुबट वास झाकायलाच ती बाटली लावतात."

"काल तर आम्ही डिकीसुद्धा उघडली नाही."

"डिकी उघडायची, गालिचा वर करायचा, स्टेपनी बाहेर काढायची. त्या खोलगट भागात सगळा इतिहास असतो. गंज, वाळू, नाहीतर पत्रा ठोकून सरळ केल्याच्या सुरकुत्या. आपल्याकडं हळदीच्या सौद्यात व्यापारी काय करतो? वरचं पॉलिश बघून बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तसंच आहे हे."

"पण ठोकलेली गाडी ओळखायची कशी? रंग तर एकसारखा होता."

"दोन दारांमधली फट बघायची. डावीकडं करंगळीचं टोक जातंय आणि उजवीकडं जात नाही, तर काहीतरी झालंय. मग बोनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट. कंपनीतनं येतात तेव्हा त्यांच्यावर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. तुमच्या फ्रिजवर ते मुलांनी लावलेलं लोहचुंबक आहे ना, ते फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. जिथं चिकटत नाही, तिथं खाली लांबी भरलीय. बंपर सोडा, तो प्लॅस्टिकचाच असतो, तिथं चिकटणारच नाही. नाहीतर उगाच भांडाल त्याच्याशी."

"आणि काचा?"

"शाब्बास! सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो. सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच सुमाराच्या हव्यात. एकच वेगळी असली तर विचारायचं, का बदलली? दगड लागून फुटली असेल, तर बिघडलं नाही. पण पुढची काच वेगळी, हेडलाइट एक नवा एक पिवळट, आणि बोल्टचा रंग उडालेला, असं तिन्ही एकत्र आलं तर समजायचं, गाडीनं समोरनं कुणाला तरी मिठी मारलीय. छोटं-मोठं खरचटणं सगळ्याच गाड्यांना असतं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. पण चेसीसला मार लागला असला तर ती गाडी जन्मभर एका बाजूला ओढते आणि टायर खाते."

"टायर मात्र नवीन होते हो."

"नवीन का वर्ष बघून नवीन? टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 लिहिलं असलं तर 2019 सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. आता तुम्हीच गणित घाला. 2017 ची गाडी, 42 हजार चालली. मग चारही टायर बदलायची वेळ कशानं आली? टायर वयानं कडक होतात, म्हणून बदलले असतील तर ठीक. पण मला वाटतं ते 42 हजार म्हणजे मीटर मागे नेलेला असणार. ब्रेकच्या पायडलचा रबर बघितला का तुम्ही? मी भिंतीवरनं वाकून बघितला, दार उघडं होतं म्हणून. डाव्या कडेनं पार गुळगुळीत. स्टीअरिंगही चकचकीत झालेलं, गिअरच्या दांड्यावरचे आकडे पुसलेले. 42 हजारांत एवढं झिजत नाही."

"मग खरं रनिंग कळायचं कसं?"

"गाडी ज्या कंपनीची, त्यांच्या सर्व्हिस सेंटरला नंबर द्यायचा. तिथं सर्व्हिसिंग झालं असेल तर दर वेळी किती किलोमीटर झाले होते ते नोंदलेलं असतं. 2020 ला 60 हजार आणि आज 42 हजार, असं निघालं की त्या पोराचा चेहरा बघायला मला बोलवा."

"मी तर म्हणत होते, कमी चाललेलीच घ्यायची. कोपऱ्यावरच्या सरांची वॅगन-आर बघा. दहा वर्षांत 20 हजारसुद्धा झाली नसेल. ती विकतील का?"

"विकतील, पण तुम्ही घेऊ नका."

"का? सर किती जपतात तिला! कव्हर घालून ठेवतात."

"कव्हर घालून ठेवतात, हेच तर. गणपती मंदिर आणि पेन्शनची बँक, ह्यापलीकडं ती गेली आहे कुठं? दोन किलोमीटर जाऊन परत. इंजिन पुरतं तापतच नाही, मग आतली वाफ बाहेर पडत नाही, ऑइल खराब होतं. सर म्हणतात, पाचशे किलोमीटर झालेत, सर्व्हिसिंग कशाला? अहो, ऑइल वर्षाला बदलायचंच, चालो न चालो. बॅटरी दोनदा बसली. टायर गोटा नाहीत, पण उन्हानं बाजूनं तडकलेत. आणि पावसाळ्यात उंदरानं वायरिंग कुरतडलं होतं, ते वहिनींनी मलाच सांगितलं, सरांना सांगू नका म्हणून."

"म्हणजे किलोमीटर कमी असण्यात काही अर्थ नाही?"

"अर्थ आहे, पण नुसत्या आकड्याला नाही. कोण चालवत होतं, कुठं चालवत होतं, आणि वेळेवर ऑइल बदललं का, ह्याला अर्थ आहे. गावातले 40 हजार म्हणजे दर शंभर पावलांवर क्लच, ब्रेक, खड्डा, गतिरोधक. हायवेचे 40 हजार म्हणजे पाचव्या गिअरला सरळ रेषेत. इंजिनाला हायवे सोसतो."

"मग बँकवाल्यांनी ती इनोव्हा घेतली, ती तर दीड लाख चाललेली होती. चांगलीच म्हणायची?"

"तिची गोष्ट वेगळी. पाटी बदलायच्या आधी बघितली होती का? डीएल होती. दिल्लीची. 2018 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालणार नाही. तेव्हापासून तिकडं नववं वर्ष लागलं की डिझेल गाडी कवडीमोलानं निघायला लागली. आपल्याकडच्यांना वाटलं, लॉटरी! पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडं नव्यानं रोड टॅक्स, नवा नंबर, एजंटची दक्षिणा. बँकवाल्या वहिनी सांगत होत्या, पाच महिने हेलपाटे घातले. शेवटी सगळं धरून इथल्यापेक्षा फार स्वस्त पडली नाही. आणि दिल्लीत ती कुणी कशी चालवली, हे सांगायला आपलं तिथं कोण आहे?"

"खरंय. इथली असती तर चौकशी तरी झाली असती."

"तेच तर मी म्हणते! वरच्या गल्लीतली ती अर्टिगा बघा. आता पांढरी पाटी आहे, पण तीन वर्षं पिवळी होती. शिर्डी, तिरुपती, पंढरपूर. ड्रायव्हर तीन बदलले. आता प्रायव्हेट करून विकायला काढलीय, 'फॅमिली यूज' म्हणून. आपण इथं राहतो म्हणून आपल्याला माहीत. कागदावर पूर्वीची नोंद निघते, पण बघतो कोण? शिवाय सीएनजी आहे. सीएनजीवाल्या गाडीत दोन गोष्टी बघायच्या, किट आरसीवर चढवलेलं आहे का, आणि टाकीची हायड्रो टेस्ट झालीय का. दर तीन वर्षांनी करावी लागते, टाकीवर तारखेची पट्टी असते. बाहेरनं बसवलेलं किट आणि नोंद नाही, अशी गाडी असली तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते."

"काकू, एवढं सगळं बघायचं म्हणजे नवीनच घ्यावी असं वाटायला लागलं."

"नवीनची किंमतही विचारा की. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरनं 18 टक्क्यांवर आला, वरचा सेस गेला. नवीन गाड्या उतरल्या. पण जुन्या बाजारातले काहीजण अजून नव्या गाडीच्या आधीच्या किमतीवरनं भाव सांगतात. शोरूममध्ये जाऊन आजची किंमत कागदावर घ्यायची आणि मग बोलायला बसायचं. आणि जुनीसाठी जेवढे पैसे ठरवलेत ना, त्यातले तीस-चाळीस हजार बाजूला ठेवायचे. घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट बदलायचं. टायर गोटा निघाले तर चार टायरचे अठरा-वीस हजार. खिसा रिकामा करून जुनी गाडी घेऊ नये."

"आणि नावावर करायचं काय? तो म्हणतो, सह्या झालेले फॉर्म तयार आहेत."

"हेच मला ऐकायचं नव्हतं. 29 आणि 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर मूळ मालकाच्या सह्या घेऊन ठेवतात, आणि गाडी हातोहात फिरते. कागदावर मालक एक, गाडी चौथ्याकडं. 2018 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, आरटीओत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. माझ्या दिरानं स्कूटर विकली एजंटला. अजून त्यांच्या मोबाईलवर इचलकरंजीहून चलनं येतात. तिघं बसलेत, हेल्मेट नाही, आणि दीर इथं घरात संधिवातानं पडलेले!"

"मग आपण काय करायचं?"

"मूळ मालकाला भेटायचंच. आधार कार्डावरचं नाव आणि आरसीवरचं नाव एकच हवं. मधला डीलर असला तर विचारायचं, आरटीओत नोंद आहे का तुमची? 2023 च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परवाना घ्यावा लागतो. मग चेसीस नंबर. आरसीवरचा आकडा आणि गाडीवर कोरलेला आकडा अक्षर न् अक्षर जुळवायचा. आमचे हे काय करतात, पातळ कागद ठेवून वरनं पेन्सिल घासतात. छाप उठते, आरटीओलाही तीच लागते. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे आले तर बरं. एखादा वाकडा, आजूबाजूला घासल्याच्या रेघा, तर गाडीला हात लावायचा नाही, सरळ घरी यायचं. आणि विमा! गाडी नावावर झाली की 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. 'बोनससकट देतो' म्हणाला तर खोटं बोलतोय."

"चालवून कुठं बघायची? काल हे कॉलनीतनं एक चक्कर मारून आले."

"कॉलनीत काय कळणार? दंडोबाच्या चढावर न्यायची. तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, तर क्लच प्लेट गेली. मग सरळ रस्त्यावर, मागंपुढं कुणी नसताना, स्टीअरिंग जरा सैल धरायचं, गाडी कुठं ओढते ते बघायचं. रेडिओ बंद, एसी आधी बंद, मग चालू. बोलायचं नाही. तो एजंट शेजारी बसून सारखा बोलतो ना, ते उगाच नाही. आवाज ऐकू येऊ नये म्हणून बोलतो."

"काल तो सारखं बोलतच होता! माझ्या शाळेची चौकशी काय, मुलांची काय..."

"बघा. बरं, ती पांढरी डोक्यातनं काढा. आता मी कशासाठी आले होते ते सांगते."

"कढीपत्त्यासाठी ना?"

"कढीपत्ता माझ्या परसातही आहे. आपला तो औषध कंपनीतला एमआर, त्याची नागपूरला बदली झाली. त्याची बायको माहेरी राहणार काही दिवस. गाडी काढायचीय. डिझायर, पेट्रोल, 2018 ची, एमएच 10."

"ती? ती तर केवढी पळवतो तो! लाखाच्या वर झाली असेल."

"1 लाख 12 हजार. आणि मीटर खरा आहे, कारण रोज सकाळी सातला ती गाडी बाहेर पडलेली मी बघितलीय. जत, आटपाडी, विटा, पंढरपूर. सगळा हायवे. दर 10 हजारांना सर्व्हिसिंग, कारण रस्त्यात बंद पडली तर त्याचा दिवस बुडतो. बायको म्हणते, गाडीच्या बिलांची फाईल आमच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड आहे. पहिल्या दिवसापासून तोच मालक, तोच ड्रायव्हर. पुरात कधी नव्हती, 2019 ला त्यानं आधीच सासुरवाडीला नेऊन ठेवली होती. त्यावरनं सासूशी भांडण झालं होतं, तेही मला माहीत आहे."

"पण काहीतरी खोट असेलच ना?"

"आहे की. मागचा बंपर पार्किंगमध्ये घासलाय, तो आपल्याच दुधवाल्याच्या टेम्पोनं. क्लच प्लेट 80 हजार किलोमीटरला बदललीय, म्हणजे तो खर्च झालेला आहे. आणि डाव्या बाजूचा लोअर आर्म वाजतो. गतिरोधकावरनं गेली की 'खडक' असा आवाज येतो, मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. तेवढं सांगा आणि तेवढे पैसे कमी करा. तो साडेचार म्हणतोय, चारच्या आसपास येईल. रोज तासगावला जाऊन-येऊन तुमचं पन्नासेक किलोमीटर होणार, त्याला पेट्रोल गाडी बरी, आणि 2033 पर्यंत पासिंगची काळजी नाही."

"उच्च सुरक्षेची ती नंबरप्लेट बसवलीय का? 2019 च्या आधीची आहे म्हणून विचारते."

"बघा, आता कशा बोलायला लागलात! बसवलीय, दोन महिने झाले. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. परवा सकाळी सहाला काकांना घेऊन जा. बोनेटवर हात ठेवा, धूर बघा, पट्टी काढा, मागचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पेन्सिल आणि कागद मी देते. ओळखीची गाडी म्हणून एकही गोष्ट सोडायची नाही. ओळखीत फसवलं गेलं की भांडताही येत नाही."

"आणि तो एजंट आज संध्याकाळी परत येणार आहे, त्याला काय सांगू?"

"त्याला विचारा, तिन्ही डॉक्टरांची नावं काय होती. आणि एक ध्यानात ठेवा. एमआरला विसार देऊन पावती घेईपर्यंत कोपऱ्यावरच्या वहिनींपाशी एक शब्द काढू नका. त्यांच्या मेहुण्यालाही गाडी हवीय, हे मला काल कळलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या."